ज्याची त्याची पुडी: चोखंदळ खाणाऱ्यांच्या घरासाठी ओव्हनमधला मासा

आमच्या घरात पाच माणसं आणि माशाबद्दल पाच मतं. सासूबाईंना मासा प्रिय, पण लसूण अजिबात चालत नाही. धाकटीला काट्याची धास्ती. थोरल्याला मऊ लिबलिबीत काही तोंडात नको. नवऱ्याला कुरकुरीत काहीतरी दाताखाली आल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. आणि मी, समोर येईल ते आनंदाने खाणारी. पाहुणे येणार असले की मी माशाचा बेत टाळायचे, कारण एकाच भांड्यात पाचजणांचं समाधान होईल असा मासा मला कधी जमला नाही.

जमला तो भांडं सोडून दिलं तेव्हा. प्रत्येकाचा तुकडा वेगळ्या कागदात बांधायचा, ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवायचा आणि फुगलेली पुडी जशीच्या तशी ताटात द्यायची. फ्रेंच स्वयंपाकात या पद्धतीला ‘आँ पापियोत’ म्हणतात. दिसायला अगदी देखणं, करायला सोपं. तेलाचे शिंतोडे नाहीत, उलटताना तुकडा मोडत नाही आणि पाहुणे आल्यावर तुम्ही गॅससमोर उभ्या नसता. पहिल्यांदाच मासा करणाऱ्या कुणालाही मी हाच प्रकार सुचवते.

आधी प्रश्न विचारा, मग मासा आणा

‘मला मासा आवडत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला खरं तर माशातली एखादीच गोष्ट खटकत असते. कुणाला वास, कुणाला काटा, कुणाला लिबलिबीतपणा, तर कुणाला ‘यात नक्की काय काय घातलंय’ हे न कळणं. ती गोष्ट कोणती, हे शांतपणे विचारा. मुलांना ‘का आवडत नाही?’ असं विचारलं तर ती गप्प बसतात. ‘वास नको वाटतो की काटा?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या उत्तरावर ठरतात.

ॲलर्जी मात्र पूर्ण वेगळी बाब आहे. मासा खाल्ल्यावर कुणाच्या ओठांना सूज, अंगावर गांधी, घशात खाज असं काही झालं असेल तर तो नखरा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. माशाची ॲलर्जी आणि कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, दोन्हींना कारणीभूत असलेली प्रथिनंही वेगळी असतात. घरात एखाद्याला कोळंबी चालत नसेल तर त्याच्या पुडीत ती घातली नाही एवढ्याने भागत नाही. सुरी, पाट आणि ट्रेसुद्धा वेगळा ठेवा. मी तर अशा वेळी त्या दिवशी कोळंबी घरात आणतच नाही.

कोणता मासा घ्यायचा

नवख्या हाताला आणि चोखंदळ जिभेला दोन्हींना सोयीचा मासा म्हणजे समुद्रातला, पांढऱ्या मांसाचा, सौम्य चवीचा आणि जाड. मासेविक्रेत्याला सरळ सांगा: कातडी काढलेले, बिनकाट्याचे सपाट तुकडे हवेत, प्रत्येक तुकडा साधारण १५० ग्रॅमचा आणि दोन ते अडीच सेंटिमीटर जाड. कॉड, हॅडॉक यांसारखे मासे या कामाला उत्तम. साल्मन मासाही छान होतो, पण तो तेलकट आणि चवीला ठळक असतो, म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी पहिल्या वेळी नको. बांगड्यासारखे तेलकट मासे तर अशा घरात सगळ्यात शेवटी आणा. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर शार्क, स्वोर्डफिश यांसारखे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांच्या अंगात पारा जास्त साठलेला असतो.

जाडी सगळ्यांची सारखी हवी, यावर मी फार भर देते. एक तुकडा जाड आणि दुसरा पातळ असेल तर एकाचा लगदा होईल किंवा दुसरा कच्चा राहील, आणि पुडी बंद असल्यामुळे ते तुम्हाला दिसणारही नाही. शेपटीकडचा तुकडा निमुळता येतो. त्याचं पातळ टोक खाली दुमडून घ्या, म्हणजे जाडी जुळते.

ताजा तुकडा ओलसर आणि चमकदार दिसतो, बोटाने दाबला तर पुन्हा वर येतो आणि त्याला समुद्राच्या पाण्यासारखा हलका वास असतो. कडा सुकलेल्या, मांसाला भेगा पडलेल्या किंवा खाली दुधाळ पाणी साचलेलं असेल तर घेऊ नका. गोठवलेला मासा घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त त्याचा बर्फ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटू द्या, ओट्यावर नको. तो हवाबंद पिशवीत असेल तर आधी पिशवी उघडा किंवा मासा बाहेर काढून झाकलेल्या भांड्यात ठेवा. हवा नसलेल्या पिशवीत, तापमान वाढलं, तर बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जीवाणू वाढण्याचा धोका असतो. ताजा मासा फ्रिजमध्ये चार अंशांच्या आत ठेवून एक-दोन दिवसांत करून टाकावा.

चार माणसांसाठी साहित्य

माशाचे चार तुकडे, दूध पाव लिटर, मीठ, लोणी ८० ग्रॅम, उकडलेले दोन मध्यम बटाटे, एक झुकिनी किंवा एक गाजर, दोन लिंबं, मूठभर शेपू किंवा पार्सली, मिरपूड, पावाचा कोरडा चुरा ६० ग्रॅम, हवी असल्यास मोठी सोललेली कोळंबी, माणशी तीन. आणि बेकिंगचा कागद.

कागदाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे चूक होते. हवा तो पार्चमेंट पेपर, सिलिकॉनचा पातळ थर असलेला. बटर पेपर म्हणून विकला जाणारा प्रत्येक कागद ओव्हनमध्ये टिकतोच असं नाही, आणि मेणकागद तर मुळीच चालत नाही, त्याचं मेण वितळून धूर होतो. वेष्टनावर किती तापमानापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, बहुतेकदा २२० अंशांच्या आसपास. ॲल्युमिनियमची फॉइल वापरता येते, पण लिंबाच्या आंबटपणाशी तिचा संबंध आला की धातूची चव उतरते. फॉइल वापरायचीच असेल तर आत एक कागद घाला.

वासाचा बंदोबस्त

समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यानंतर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात, आणि नाक मुरडायला लावणारा वशट वास तो हाच. म्हणजे वासावर पहिला उपाय ताजेपणा, बाकी सगळे त्यानंतर.

दुसरा उपाय दूध. तुकडे थंड दुधात वीस मिनिटं बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. दुधातलं केसीन हे प्रथिन वासाच्या त्या कणांना धरून ठेवतं. मग दूध फेकून द्या (पुन्हा वापरायचं नाही, सॉसमध्येही नाही) आणि तुकडे कागदी रुमालाने टिपून घ्या. ज्यांच्या घरी वासाची तक्रार नाही त्यांनी ही पायरी गाळली तरी चालेल. आमच्याकडे मी ती कधीच गाळत नाही.

तिसरा उपाय लिंबू, आणि तो ताटात. आम्लाशी संयोग झाला की ते अमीन हवेत उडेनासं होतं, म्हणून पिळलेलं लिंबू वास खरोखरच कमी करतं. मात्र कच्च्या माशाला लिंबू लावून अर्धा-पाऊण तास ठेवू नका. आम्लाने मांस वरून शिजल्यासारखं पांढरं आणि पिठूळ होतं, आणि ओव्हनमधून ते कोरडं निघतं. पुडीत मी फक्त लिंबाच्या सालीचा किसलेला पिवळा भाग घालते. सालीखालचा पांढरा थर कडू असतो, म्हणून लिंबाच्या चकत्या आत घालणंही मी सोडलं.

काटा राहता कामा नये

बिनकाट्याचा म्हणून घेतलेल्या तुकड्यातही मधल्या रेषेवर बारीक काट्यांची एक ओळ राहून जाते. तुकडा पाटावर ठेवा आणि स्वच्छ बोटांची टोकं शेपटीकडून डोक्याकडे आणि परत अशी हळू फिरवा. काटा टोचल्यासारखा लागतो. दुसऱ्या हाताने त्या जागेचं मांस दाबून धरा आणि स्वच्छ चिमट्याने काटा ज्या दिशेला कललेला आहे त्याच दिशेने, साधारण डोक्याकडे, ओढा. उलट्या दिशेने ओढला तर मांस फाटतं. तुकडा उलट्या वाटीवर ठेवून जरा वाकवला की काट्यांची टोकं आपोआप वर येतात.

माझ्या धाकटीचा विश्वास मला या पायरीने मिळाला. तिच्या तुकड्यातले काटे मी तिच्यासमोर काढले आणि बशीत मोजून ठेवले. सहा निघाले. मग तिने स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, ‘आई, आता नाहीये.’ त्या दिवशी तिने अर्धा तुकडा खाल्ला. तरीही लहान मुलांना वाढताना त्यांच्या घासातला मासा बोटांनी एकदा चाचपूनच द्या.

आता मीठ. टिपलेल्या प्रत्येक तुकड्याला सगळीकडून मिळून पाव चहाचा चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी पुन्हा टिपा. मांस घट्ट होतं, चव आतपर्यंत जाते आणि पुडीत पाणी कमी साचतं. ज्यांना लिबलिबीतपणा नको असतो त्यांचं निम्मं काम इथेच होतं.

पुडी बांधणं

ओव्हन २०० अंश सेल्सियसला तापत ठेवा (पंख्याचा असेल तर १८०), आणि ट्रे आतच राहू द्या. तापलेल्या ट्रेवर पुडीला खालून लगेच उष्णता मिळते. ओव्हनचा दिवा विझल्यावरही पाच मिनिटं थांबा, भिंती तापायला वेळ लागतो.

कागदाचा साधारण ४० बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि मधोमध दुमडून उघडा. एका अर्ध्यावर, घडीपासून दोन बोटं अंतर सोडून, थोडं लोणी लावा. त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या एकावर एक सरकवून मांडा. त्यावर झुकिनीच्या किंवा सालकाढण्याने काढलेल्या गाजराच्या पातळ पट्ट्या. त्यावर मासा. वर दहा-बारा ग्रॅम लोण्याचा तुकडा, मिरपूड, लिंबाची किसलेली साल, शेपूच्या एक-दोन काड्या.

एक नियम पक्का लक्षात ठेवा: माशाच्या वेळेत जे शिजणार नाही ते आधीच शिजवलेलं हवं. कच्चा बटाटा, जाड गाजर, अख्ख्या फरसबीच्या शेंगा पंधरा मिनिटांत कच्च्याच राहतात.

इथेच प्रत्येकाची पुडी वेगळी होते. सासूबाईंच्या पुडीत लसूण नाही, माझ्या पुडीत दोन पाकळ्या ठेचून. धाकटीच्या पुडीत मासा, लोणी आणि बटाटा, बस्स. हिरवं काही दिसलं की ती थबकते. कोथिंबीर घालणार असाल तर विचारून घाला, काही माणसांना जन्मतःच तिचा वास साबणासारखा येतो आणि तो हट्ट नसतो. कोळंबी घालायची असेल तर पाठीवरचा काळा दोरा काढून मोठी कोळंबी माशाच्या बाजूला ठेवा, खाली दाबू नका. बारीक कोळंबी या वेळेत रबरासारखी होते.

कागदाचा दुसरा अर्धा भाग वर घ्या. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कड एक-दीड सेंटिमीटर आत दुमडा, नखाने दाबा. पुढची घडी आधीच्या घडीवर अर्धी चढेल अशी घ्या. असं करत अर्धवर्तुळाने दुसऱ्या टोकापर्यंत या आणि शेवटचं टोक पिळून खाली सरकवा. आत हवेला जागा राहू द्या, मासा कागदात करकचून आवळायचा नाही. वाफ त्या मोकळ्या जागेत फिरते आणि पुडी फुग्यासारखी वर येते. घड्या सैल राहिल्या तर वाफ निसटते आणि मासा कोरडा पडतो. पहिली पुडी वाकडीतिकडी होईल. दुसरी बरी होते, तिसरी सुबक.

पुडीवर बाहेरून साध्या पेन्सिलने नाव लिहा. शाईचं पेन नको.

बांधलेल्या पुड्या तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवता येतात, म्हणूनच पाहुण्यांसाठी हा बेत मला इतका आवडतो. फ्रिजमधून काढून लगेच भाजायच्या असतील तर दोन मिनिटं जास्त द्या.

किती वेळ

माशाच्या जाडीवर वेळ ठरते, वजनावर नाही. कॅनडाच्या मत्स्यविभागाने रूढ केलेला एक जुना नियम आहे: २३० अंशांवर दर इंच जाडीला १० मिनिटं, आणि मासा गुंडाळलेला असेल तर ५ मिनिटं जास्त. कागदाची मर्यादा पाहून आपण २०० अंशांवर भाजतोय, त्यामुळे माझा हिशेब असा: दोन सेंटिमीटरला १२ मिनिटं, अडीचला १५, तीनला १७-१८. जाडी अंदाजाने ठरवू नका, पट्टीने मोजा. पुड्या ट्रेमध्ये एकमेकींना चिकटवून ठेवू नका आणि मध्ये दार उघडून डोकावू नका.

झालं की नाही हे बंद पुडीत कसं कळणार? स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर कागदातूनच तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात टोचा. अमेरिकेतली अन्नसुरक्षेची शिफारस ६३ अंशांची आहे. लहान मुलं, वृद्ध किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर मी त्याखाली जात नाही. थर्मामीटर नसेल तर स्वतःची पुडी सगळ्यात आधी उघडा. काट्याचमच्याने जाड भाग हलका दाबला की मांसाच्या पाकळ्या सुटायला हव्यात आणि रंग काचेसारखा पारदर्शक न राहता दुधी पांढरा व्हायला हवा. कच्चा वाटला तर बाकीच्या पुड्या अजून दोन मिनिटं ठेवा. कोळंबीचा राखाडी रंग जाऊन ती केशरी-गुलाबी होते, कारण उष्णतेने तिच्यातलं रंगद्रव्य प्रथिनापासून सुटं होतं. सैल वळलेली असेल तर बरोबर, पूर्ण गोल आवळली असेल तर जास्त झाली.

पाकळ्यांमधून पांढरा, साईसारखा द्रव भसाभसा बाहेर आलेला दिसला तर मासा जास्त भाजला गेलाय. खायला हरकत नाही, पुढच्या वेळी दोन मिनिटं कमी करा.

कुरकुरीत हवं असणाऱ्यांसाठी

पुडीत वाफ असते, तिथे काहीच कुरकुरीत राहणार नाही. पहिल्या वेळी मी पावाचा चुरा माशावर घालून पुडी बांधली आणि उघडल्यावर त्याचा ओला लगदा निघाला. आता चुरा बाहेरच भाजते. कढईत २५ ग्रॅम लोणी वितळवा, चुरा घाला, मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं सतत हलवत सोनेरी होऊ द्या, चिमूटभर मीठ घाला आणि लगेच थाळीत काढा, नाहीतर कढईच्या उष्णतेनेच करपतो. हा चुरा वाटीत घालून टेबलावर ठेवायचा. ज्याने त्याने आपापल्या माशावर खाण्याच्या क्षणी पेरायचा. माझा नवरा आणि थोरला, दोघांची तक्रार या एका वाटीने मिटली.

ताटात

ओव्हनमधून काढल्यावर पुड्या दोन मिनिटं तशाच राहू द्या. मग चपट्या उलथन्याने उचलून ताटात ठेवा आणि टेबलावर कात्रीने मधोमध फुलीसारखी चीर द्या. चेहरा लांब ठेवा, आतली वाफ चटका देते. मुलांच्या पुड्या मोठ्यांनीच उघडाव्यात. चारही कोपरे पाकळ्यांसारखे बाहेर वळवले की आत लोण्यात चमकणारा मासा, खाली त्याचा रस प्यायलेला बटाटा. वरून लिंबू पिळा. आणखी कसल्याही सजावटीची गरज नाही.

आता मुलांपुरतं. मासा बटाट्यात कुस्करून ‘हे चिकन आहे’ असं सांगून भरवू नका. एकदा कळलं की ते मूल पुढे बटाट्यावरही शंका घेतं. ताटात त्याच्या ओळखीचं काहीतरी असू द्या, पुडीतला मासा किती खायचा की नुसता पाहायचा हे त्याला ठरवू द्या. एखादी नवी चव स्वीकारायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. पहिल्या रात्री पुडी फक्त उघडून बाजूला सारली तरी ती एक वेळ मोजा. थोरल्याने पहिल्या तीन वेळा फक्त बटाटा खाल्ला होता. चौथ्या वेळी त्याने विचारलं, ‘पुढच्या वेळी मी बांधू?’ आता पुडीत काय जाणार ते तो सांगतो, आणि स्वतःच्या हाताने बांधलेली पुडी तो सहसा संपवतो.

उरलेला मासा दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा ओव्हनमध्ये गरम केला तर चामट होतो. मी तो थंडच कुस्करते, त्याच्याच पुडीतला बटाटा, थोडा भाजलेला चुरा आणि एक अंडं घालून चपट्या टिक्क्या करते आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजते. टिक्क्यांसाठी पुरावं म्हणून हल्ली मी एक पुडी मुद्दाम जास्तच बांधते. तिच्यावर नाव लिहीत नाही.